ओस्कार्सहाम्न ते सॅन फ्रान्सिस्को : पळून गेलेल्या एका खलाशाचा माग (प्रकल्प नोंदी)

प्रकल्प : कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाच्या खापरपणजोबांचे स्वीडनमधले मूळ शोधणे आणि ते कोणत्या वाटेने देशाबाहेर पडले ते कागदोपत्री सिद्ध करणे. घरात मराठी सून आहे, मुले मराठी वाचतात, म्हणून नोंदी मराठीत ठेवल्या आहेत. वंशज हयात असल्याने नाव लिहिलेले नाही. पुढे सगळीकडे 'मूळपुरुष'. आडनाव अँडरसन. स्वीडिश शोधात ओळख पटवायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

८ जानेवारी २०२४

हाती असलेला ऐवज : थडग्याच्या दगडाचा फोटो (फक्त साल, १८५७), घरातल्या स्वीडिश बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेले '५/११ १८५७', १९००च्या अमेरिकन जनगणनेच्या पानाची प्रत, आणि वर्तमानपत्रातली चार ओळींची मृत्यूची बातमी, ज्यात जन्मगाव 'ऑस्करशॅम' छापले आहे. शिवाय तोंडी परंपरा : खापरपणजोबा कप्तान होते आणि स्वतःच्या जहाजातून आले.

इंटरनेटवर या कुटुंबाची तयार वंशावळ फिरते. तिच्यात जन्म ११ मे १८५७, गाव क्रिस्टडाला, आणि १८८१ साली गोथेनबर्गहून प्रवासी म्हणून प्रयाण असे दिले आहे. पाच-सहा जणांनी ती एकमेकांकडून उतरवून घेतली आहे. पुरावा एकाकडेही जोडलेला नाही.

पहिला ताळा जन्मतारखेचा. स्वीडनमध्ये आधी दिवस, मग महिना लिहितात. '५/११' म्हणजे ५ नोव्हेंबर; अमेरिकेत वाढलेल्या माणसाने ते ११ मे वाचले. १९००ची जनगणना इथे उपयोगी पडते, कारण त्या वर्षी प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि साल हे दोन्ही विचारले होते. रकान्यात स्पष्ट 'नोव्हें. १८५७' आहे. त्याच ओळीत आगमनाचे साल १८८०, देशात २० वर्षे, आणि नागरिकत्व मिळाल्याची 'ना' ही खूण. म्हणजे १८८१चा प्रवासी आधीच संशयात आला.

१५ जानेवारी

क्रिस्टडालाचा माणूस बाजूला काढण्याचे काम. केवळ 'तो आमचा नाही' म्हणून भागत नाही. त्याचे पुढे काय झाले ते दाखवले तरच वंशावळीतून त्याचे नाव निघते.

गोथेनबर्गच्या पोलीस खात्याने १८६९ पासून परदेशी जाणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या. त्या वर्षीच्या नियमाने एजंटला प्रत्येक प्रवाशाशी करार करणे बंधनकारक झाले, आणि याद्या त्या करारांवरून बनल्या. बहुतेक जण विल्सन लाइनच्या बोटीने इंग्लंडमधल्या हल बंदरात उतरत, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि पुढे अटलांटिक. यादीत नाव, वय, शेवटचे गाव आणि तिकिटाचे ठिकाण मिळते. जन्मतारीख मिळत नाही. त्यामुळे एकाच वयाचे दोन अँडरसन सहज एकमेकांत मिसळतात.

या माणसाचे तिकीट मिनेसोटाचे होते. क्रिस्टडालाच्या स्थलांतर वहीत त्याच्या नावापुढे पाद्र्याने दाखला दिल्याची तारीख आहे, जन्मतारीख मार्चमधली आहे आणि व्यवसाय शेतमजूर. पुढे मिनेसोटातल्या ऑगस्टाना सिनॉडच्या एका चर्चमध्ये तो सभासद झाला. त्या स्वीडिश-लुथरन चर्चच्या वह्यांत मूळ गाव आणि जन्मतारीख लिहीत, म्हणून माणूस पक्का पकडता येतो. तोच मार्च, तेच गाव. प्रकरण बंद.

इथेच एक गोष्ट नोंदवून ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. शेतकरी देश सोडतो तेव्हा पाद्र्याचा दाखला, एजंटचा करार, पोलिसांची यादी आणि पलीकडच्या बंदरातली यादी असे चार कागद तयार होतात. खलाशी देश सोडतो तेव्हा यांपैकी एकही होत नाही. तो कामावर जातो आणि परत येत नाही. १८६० पासून स्वीडनबाहेर जायला पासपोर्टही लागत नव्हता. म्हणून प्रवाशांच्या यादीत त्याला धुंडाळणे व्यर्थ आहे; तो नोकरीच्या कागदांत सापडतो.

२७ जानेवारी

जन्मनोंद मिळाली.

'ऑस्करशॅम' म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचे ओस्कार्सहाम्न, काल्मार जिल्हा. हे बंदर शहर झाले १ मे १८५६ रोजी. त्याआधी ते डोडरहुल्ट या मोठ्या ग्रामीण पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा, भाग होते. अमेरिकेत गेलेला माणूस विचारणाऱ्याला ओळखीचे, मोठे नाव सांगतो, स्वतःची वाडी सांगत नाही. त्यामुळे शहर आणि डोडरहुल्ट, दोन्हींच्या जन्मवह्या पाहायच्या. स्वीडिश चर्चच्या दप्तरात मालिकांना अक्षरे आहेत : ए घरवार वही, बी येणे-जाणे, सी जन्म, ई लग्न, एफ मृत्यू. ही अक्षरे पाठ असली की कोणत्याही पॅरिशच्या दप्तरात चाचपडावे लागत नाही.

शहराच्या वहीत नोव्हेंबर १८५७ मध्ये जुळणारे कोणी नाही. डोडरहुल्टच्या वहीत ५ नोव्हेंबरला जन्म, ८ला बाप्तिस्मा. बाप टोर्पारे, म्हणजे मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबून त्या बदल्यात खोपटे आणि जमिनीचा तुकडा कसणारा कूळ. बापाचे पहिले नाव अँडर्स. म्हणून मुलगा अँडर्सचा पुत्र या अर्थाने अँडरसन. बापाचे स्वतःचे पितृनाम वेगळे. साक्षीदारांत आईचा भाऊ आहे, त्याच्यापुढे 'बोट्समान' असा हुद्दा, म्हणजे आरमाराच्या नेमणुकीतला खलाशी. घरात समुद्र होता.

मूळ पानांच्या प्रतिमा स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर २०१८ पासून मोफत आहेत. शाई फिकी पडलेली पाने मात्र आर्किव्ह डिजिटलच्या रंगीत प्रतिमांवर पाहावीत; काळ्या-पांढऱ्या जुन्या फिल्मवर तांबूस झालेली शाई आणि कागदाचा डाग यांत फरक कळत नाही. शोधताना आणखी एक काळजी : å, ä, ö ही अक्षरे स्वीडिश वर्णमालेच्या शेवटी येतात आणि जुन्या सूचींत व्ही-डब्ल्यू एकच धरलेले असतात.

३ फेब्रुवारी

घरवार वही. हिला हुसफर्हर्सलेंग्ड म्हणतात. १६८६च्या चर्च कायद्याने पाद्र्यावर घरोघर जाऊन लोकांचे वाचन आणि धर्मज्ञान तपासण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी आली. त्यातून ही वही झाली. एक खंड साधारण पाच ते दहा वर्षांचा. वाडीवार पाने, पानावर घर, घरात माणसे, माणसापुढे जन्मतारीख, जन्मगाव, देवी टोचल्याची खूण (१८१६ पासून टोचणे सक्तीचे), वाचनाचे शेरे, आणि कोठून आला, कोठे गेला.

काम असे करायचे : जन्मनोंदीतल्या वाडीचे पान काढायचे, 'कोठे गेला' रकान्यातला पान क्रमांक घ्यायचा, त्या पानावर जाऊन 'कोठून आला' रकान्यात मागचा क्रमांक जुळतो का पाहायचे. दोन्हीकडून जुळले तरच कडी पक्की. नुसत्या नावावर उडी मारली की वंशावळ भलत्याच घरात शिरते.

मूळपुरुष १८७३ पर्यंत आईबापांच्या पानावर आहे. १८७४ मध्ये नावापुढे 'शोमान', खलाशी. पुढच्या खंडात त्याचे नाव वाडीतून उचलून वहीच्या शेवटच्या पानांवर नेले आहे, जिथे पॅरिशमध्ये नाव असूनही ठरलेले घर नसलेली माणसे एकत्र लिहीत. रेषा मारून खोडलेले नाही, स्थलांतराचा शेरा नाही. १८९०च्या दशकातल्या नव्या पॅरिश वहीत तो 'ओबेफिंटलिग' म्हणजे बेपत्ता लोकांत गेला. दाखला घेतलाच नाही, तर स्थलांतराच्या वहीत नाव येणार कसे? एमिबास हा देशांतरितांचा डेटाबेस चर्चच्या त्याच वह्यांवरून केलेला आहे, म्हणून तिथेही तो नाही.

या पानांमुळे आणखी एक गुंता सुटतो. १८८०च्या स्वीडिश जनगणनेत मूळपुरुष डोडरहुल्टमध्ये 'हजर' आहे. वंशावळवाल्यांनी यावरून तो १८८१ला गेला असे धरले. पण स्वीडिश जनगणना दारोदार फिरून झालेली नाही. पाद्र्याने आपल्या वहीतून उतारे काढून पाठवले. वहीत नाव होते म्हणून जनगणनेत आले. माणूस त्या वेळी कुठेही असू शकतो.

१८ फेब्रुवारी

प्रकल्पाचा कणा आजच्या कागदात आहे : शोमान्सहूस, खलाशांची नोंदणी कचेरी. १७४८च्या नियमाने बंदराबंदरात या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि १९६१ पर्यंत चालल्या. व्यापारी जहाजावर जाणाऱ्याने इथे नाव घालायचे, क्रमांक घ्यायचा, प्रत्येक सफरीला चढताना आणि उतरताना नोंद करायची. पगारातून ठरावीक कपात कचेरीला. म्हाताऱ्या खलाशांना, विधवांना त्यातून मदत मिळे. कोकणातल्या बोटीवरच्या माणसाला सीडीसीचे (नोकरीच्या नोंदीचे) पुस्तक जसे, तसे यांना 'शोफार्ट्सबूक'. पुस्तक माणसाबरोबर समुद्रात गेले, पण कचेरीची वही जागेवर राहिली.

ओस्कार्सहाम्नला स्वतःची कचेरी होती. दप्तर वाडस्टेनाच्या प्रादेशिक अभिलेखागारात आहे. काही बंदरांच्या वह्यांची नावनिहाय सूची झाली आहे, सगळ्यांची नाही. सूचीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असे समजू नये, पाने चाळावीत.

आधी नावनोंदणीची वही पाहायची, कारण तिच्यातून क्रमांक मिळतो. मग त्या क्रमांकाखाली त्याच्या सगळ्या सफरी एका खाली एक. मूळपुरुषाची ओळ अशी वाचली :

१८७४ च्या वसंतात युंगमान, म्हणजे डेकवरचा नवखा पोऱ्या. १८७६ला लेटमात्रोस, पूर्ण खलाशाच्या खालचा हुद्दा. १८७८ला मात्रोस, पूर्ण खलाशी, पगार महिना ४० क्रोनर. हुद्द्यांची ही चढण महत्त्वाची. पोऱ्या ते मात्रोस साधारण चार वर्षे लागणे वयाशी जुळते. वयाची पंचविशी उलटलेला युंगमान दिसला तर माणूस चुकीचा पकडला असे समजावे. सफरी उन्हाळी : पाइनच्या फळ्या आणि कोळशाच्या खाणींना लागणारे लाकडी टेकू घेऊन इंग्लंडला, परत येताना कोळसा. बाल्टिक गोठला की नोव्हेंबर-डिसेंबरात उतरवणी.

शेवटची सफर १८७९च्या शरदात सुरू होते आणि उतरवणीच्या रकान्यात तारखेऐवजी : 'र्यूम्ट', कार्डिफ (वेल्समधले बंदर), जानेवारी १८८०. पळाला.

हा शेरा लाजिरवाणा मानून काही घरांतून तो वंशावळीत घेत नाहीत. तसे करू नये. या एका शब्दात देश सोडल्याचा दिवस आणि जागा आहे. दुसऱ्या कोणत्याही कागदात ती नाही. कारणही साधे आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजांवर पगार जास्त होता. पळणाऱ्याचा चढलेला पगार आणि जहाजावर राहिलेले सामान बुडायचे, तरी हजारोंनी हा हिशेब मांडला आणि उतरले.

२ मार्च

कार्डिफ ते सॅन फ्रान्सिस्को. हा टप्पा सर्वांत अवघड, कारण जहाजाचे नाव माहीत नाही, आणि ब्रिटिश खलाशी-करारांची दप्तरे माणसाच्या नावाने नव्हे, जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेली आहेत.

म्हणून उलटे चालायचे. जनगणनेत आगमन १८८०. त्या काळात वेल्सचा कोळसा केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाला जाई आणि परतीला गहू भरून येई. शिडाच्या जहाजाला जाताना साडेचार ते साडेपाच महिने. जानेवारीत पळालेला माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये चढला तर जुलै-ऑगस्टला पोहोचणार. कॅलिफोर्नियाची जुनी वर्तमानपत्रे सीडीएनसी या मोफत संग्रहात आहेत. 'डेली आल्टा कॅलिफोर्निया'च्या जहाजवार्तेच्या रकान्यात रोज आलेली जहाजे छापत : देश, प्रकार, नाव, कप्तान, कोठून, किती दिवस, माल कोणाकडे. जून ते सप्टेंबर १८८० मधली 'ब्रि. बार्क' आणि 'ब्रि. शिप' (ब्रिटिश शिडाच्या जहाजांचे दोन प्रकार), कार्डिफहून, एवढीच उतरवून घेतली. शब्द टाकून शोधण्यावर विसंबू नये. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत 'कार्डिफ' यंत्राला ओळखू येत नाही. अंक उघडून रकाना डोळ्यांनी वाचावा.

यादी झाल्यावर प्रत्येक जहाजाचा अधिकृत क्रमांक क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या साइटवरून. एकाच नावाची चार-पाच जहाजे निघतात. नोंदणीचे बंदर आणि टन पाहून निवड करायची.

९ मार्च

करार कोणत्या संस्थेकडे आहे ते वर्षावर ठरते. १८६१ नंतरच्या करारांपैकी सुमारे १० टक्के नमुना म्हणून लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. ज्या वर्षांचा शेवटचा अंक ५ आहे त्यांचे उरलेले ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. बाकीचे बहुतेक, एकूण सुमारे ७० टक्के, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मेमोरियल विद्यापीठाच्या मॅरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये. इथे बरेच जण अडतात, कारण वर्ष सफर सुरू झाल्याचे नव्हे, संपल्याचे धरायचे. १८८०च्या फेब्रुवारीत निघालेले जहाज जुलैत पोहोचले, शरदात गहू भरून निघाले, १८८१च्या वसंतात परतले; करार १८८१च्या गठ्ठ्यात. १८८०चा गठ्ठा मागवला तर मागच्या सफरीची माणसे मिळतील आणि जहाज उगाच बाद होईल.

यादीतली सगळी जहाजे एकदम मागवली नाहीत. कार्डिफहून जानेवारीअखेर ते मार्चमध्येच निघालेली आधी. निघण्याची तारीख, आगमनाची तारीख वजा छापलेले दिवस, अशी काढली.

२० एप्रिल

प्रती आल्या. एका बार्कच्या करारात माणूस सापडला.

करार म्हणजे दुमडलेला मोठा कागद, एकेका माणसाची आडवी ओळ. रकाने : सही, वय, जन्मगाव, मागचे जहाज, चढल्याची तारीख आणि जागा, हुद्दा, पगार, उचल, उतरल्याची तारीख-जागा-कारण, उरलेली बाकी. मूळपुरुष : वय २२, 'ओस्करशाम, स्वीडन', कार्डिफ, फेब्रुवारी १८८०, ए.बी. म्हणजे पूर्ण खलाशी, महिना २ पौंड १५ शिलिंग, उचल एका महिन्याची. तेव्हा एक पौंड म्हणजे १८.१६ क्रोनर. घरचे ४० सोडून त्याला इथे जवळजवळ ५० मिळत होते. हिशेब तोंडी सांगावा लागत नाही, दोन देशांच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसतो.

मागच्या जहाजाच्या रकान्यात स्वीडिश जहाजाचे नाव नाही, एका इंग्लिश जहाजाचे आहे. पळालेला माणूस खरे जहाज क्वचितच सांगे, आणि बोर्डिंगवाल्या, म्हणजे खलाशांना राहायला जागा आणि जहाजावर काम मिळवून देणाऱ्या, मध्यस्थाकडे सांगायला तयार नाव असे. या रकान्यावर एकट्यावर मदार ठेवू नये. वय आणि गावही आणखी कोणाचे जुळू शकते. म्हणून सही पाहायची.

सही त्याच्या स्वतःच्या हाताची आहे; पुढच्या-मागच्या ओळींत फुल्या आहेत. आडनावात दोन 'एस', त्यातला पहिला लांब, खाली ओढलेला, जुन्या स्वीडिश वळणाचा. हे लांब अक्षर इंग्लिश कारकुनाला 'पी' किंवा 'एफ' वाटते. म्हणून अमेरिकन सूचींत असे अँडरसन भलत्याच अक्षरांनी नोंदलेले सापडतात आणि शोधताना ती रूपेही घालून पाहावी लागतात.

कारणाच्या रकान्यात : पळाला, सॅन फ्रान्सिस्को, जुलै १८८०, खाली ब्रिटिश कॉन्सुलचा शिक्का. दुसऱ्यांदा.

पाच महिन्यांच्या पगारातला उचलीचा महिना वजा जाता बाकी सगळी बुडाली. १८८०ची अमेरिकन जनगणना १ जूनच्या तारखेची. त्या दिवशी तो पॅसिफिकवर होता, म्हणून तिच्यात नाही. बंदरातल्या प्रवासी यादीतही नाही, कारण तो प्रवासी नव्हताच.

११ मे

नागरिकत्व. सॅन फ्रान्सिस्कोत हा विषय निघाला की १८ एप्रिल १९०६चा भूकंप आणि आग आडवी येते. काउंटीच्या कोर्टांची बहुतेक दप्तरे जळाली. १८९०ची राष्ट्रीय जनगणना तर वॉशिंग्टनमध्ये १९२१च्या आगीत गेली. म्हणजे १८८० ते १९०० हा पट्टा दुसऱ्या कागदांनी भरायचा.

त्यासाठी मतदारांच्या छापील याद्या, 'ग्रेट रजिस्टर'. त्यांच्या प्रती काउंटीबाहेर, राज्याकडे जात, म्हणून वाचल्या. १८८८च्या यादीत मूळपुरुष : स्वीडन, नाविक, पत्ता, आणि नागरिक झाल्याची तारीख व कोर्ट : सुपीरियर कोर्ट, ऑक्टोबर १८८४. मूळ कागद जळालेला, पण ही ओळ शिल्लक. १८९२च्या यादीत शरीराचे वर्णनही आहे : उंची ५ फूट साडेसात इंच, डोळे निळे, उजव्या हातावर नांगर गोंदलेला. त्या वर्षी शहरात याच नावाचे आणखी मतदार आहेत. उंची आणि नांगर यांनी तो वेगळा काढता येतो. घरातल्या एका फोटोत त्याच हातावर गोंदण दिसते.

आता तारखेचा पेच. नागरिकत्वाला पाच वर्षांचा रहिवास लागे. जुलै १८८० ते ऑक्टोबर १८८४ ही सव्वाचार वर्षे. इंटरनेटवरच्या काही वंशावळींनी हे जुळवायला आगमन १८७९वर ढकलले आहे. तशी गरज नाही. ७ जून १८७२च्या कायद्याने परदेशी खलाशाला सवलत होती : नागरिक होण्याचा इरादा जाहीर करायचा आणि त्यानंतर अमेरिकन व्यापारी जहाजावर तीन वर्षे काम करायचे. इराद्याचा कागद मात्र वेगळ्या कोर्टात असू शकतो, हे लक्षात ठेवून संघराज्याच्या कोर्टाची दप्तरे पाहिली. ती आगीतून वाचली आणि सॅन ब्रुनोच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. कागद मिळाला : फेब्रुवारी १८८१. तीन वर्षे पुरी होऊन वर आठ महिने.

१९०६ आधीच्या या कागदांत जन्मगाव, जहाज असे काही मिळत नाही. नाव, तारीख, सही आणि कोणत्या राजाची निष्ठा सोडली एवढेच. इथे 'स्वीडन आणि नॉर्वेचा राजा' आहे. १८१४ ते १९०५ दोन्ही देशांचा राजा एक होता, त्यामुळे यावरून माणूस नॉर्वेजियन ठरवू नये. सही करारातल्या सहीशेजारी ठेवली. आद्याक्षराचा फास आणि लांब 'एस' तोच. पण त्याच्यापुढचा दुसरा 'एस' गळायला लागला आहे.

१ जून

'कप्तान' या परंपरेचा तपास. स्वीडनमध्ये त्याने सुकाणूची परीक्षा दिलेली नाही. काल्मारच्या नौकानयन शाळेच्या वह्यांत नाव नाही, आणि शोमान्सहूसमध्ये तो मात्रोसच्या पुढे गेलेला नाही. तेव्हा स्वतःच्या जहाजातून आल्याची गोष्ट टिकत नाही.

पण कप्तानपद खरे आहे. अमेरिकन किनारी व्यापारातल्या जहाजांच्या नोंदणीपत्रांवर कप्तान बदलला की नाव चढवत, आणि कप्तान नागरिकच असावा लागे. ही पत्रे वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, रेकॉर्ड ग्रुप ४१ मध्ये आहेत. १८९० नंतर एका स्कूनरच्या, म्हणजे लहान लाकूडवाहू शिडाच्या जहाजाच्या, पत्रावर त्याचे नाव आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर कड्यांखालच्या अरुंद खाचांत नांगर टाकून वरून घसरणीने सोडलेल्या फळ्या जहाजात घ्यायच्या, असे ते काम. या स्कूनरांवर स्वीडिश-नॉर्वेजियन इतके भरले होते की किनाऱ्यावर त्यांना 'स्कँडिनेव्हियन नेव्ही' म्हणत. नागरिकत्वाची घाई कशासाठी होती तेही या पत्रावरून उमगते.

१५ जून

शेवटची कडी. सॅन फ्रान्सिस्कोतला खलाशी आणि डोडरहुल्टचा मुलगा एकच, हे आतापर्यंत तारीख, गाव आणि हस्ताक्षर यांवर उभे होते. मृत्यूच्या दाखल्यात (कॅलिफोर्नियात राज्यभर नोंदणी जुलै १९०५ पासून) आईबापांची नावे आहेत, पण माहिती देणाऱ्या मुलाने आजीचे आडनावही अँडरसनच लिहिले. स्वीडिश आईचे पितृनाम 'डोटर'ने संपते. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला ते माहीत असण्याची शक्यता कमी. त्यामुळे या रकान्याला वजन देता येत नाही.

स्वीडनमध्ये माणूस वारला की मालमत्तेची यादी करावी लागे. १७३४च्या कायद्यात मुदत तीन महिन्यांची. या 'बूप्टेकनिंग'मध्ये सर्व वारस लिहितात, गैरहजर असले तरी. दप्तर चर्चकडे नसून तालुक्याच्या कोर्टाकडे. डोडरहुल्टसाठी स्ट्रांडाचे कोर्ट. बापाची यादी १८९६ची : भांडी, गाय, दोन मेंढ्या, कर्ज, आणि वारसांत 'मुलगा, खलाशी, उत्तर अमेरिकेत, ठिकाण अज्ञात', त्याच्या वतीने कोर्टाने नेमलेला माणूस हजर. आईची यादी १९०९ची. तिच्यात त्याच मुलापुढे 'जहाजाचा कप्तान, सॅन फ्रान्सिस्को', आणि मागे जोडलेले मुखत्यारपत्र, स्वीडिश व्हाइस-कॉन्सुलच्या साक्षीने. आपला हिस्सा त्याने बहिणीच्या नावे सोडला आहे.

मुखत्यारपत्रावरची सही पुन्हा दोन 'एस'ची आहे.

इंटरनेटवरच्या वंशावळीत दुरुस्ती पाठवली : जन्म ५ नोव्हेंबर १८५७, डोडरहुल्ट, देश सोडला जानेवारी १८८०, कार्डिफ, अमेरिकेत जुलै १८८०, सॅन फ्रान्सिस्को. प्रत्येक ओळीला मालिका, खंड आणि पान जोडले आहे. बहिणीच्या घराण्याचा धागा डोडरहुल्टच्या पॅरिश वहीत पुढे चालू आहे; गोपनीयतेच्या ७० वर्षांच्या नियमामुळे १९५०च्या पुढच्या नोंदी अजून पूर्ण खुल्या नाहीत, तिथून पुढे हयात नातेवाइकांना पत्र लिहून विचारायचे आहे. मसुदा स्वीडिशमध्ये तयार आहे, सोबत मुखत्यारपत्राची प्रत.